मार्शरुत्का, बस की टॅक्सी?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी विद्वान वक्त्यांनी इतिहास, संगीत, आरोग्य अशा भारदस्त विषयांवर विचार मांडले. त्यांच्या मागोमाग उभे राहून आम्ही परमुलखात एका गावाहून दुसऱ्या गावी कोणत्या वाहनाने जावे हे सांगू लागलो, तर काही मंडळींना हसू येईल. खुशाल यावे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या गोमंतकातून आणि शेजारच्या बेळगाव, सावंतवाडी भागातून कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जिया देशाच्या तिबिलिसी शहरी गेली, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईवडील, क्वचित आजीआजोबाही, भेटीला किंवा पदवीदान समारंभाला जाऊ लागले आहेत. फी भरता भरता बेजार झालेल्या या मंडळींना विमानाचे तिकीट कसेबसे परवडते. पुढे तो देश थोडासा पाहावा असे मनात येते, आणि तिथेच प्रश्न उभा राहतो. तो पैशाचा आहे, गुडघ्यांचा आहे आणि घाटातल्या रस्त्यावर जिवाचाही आहे. म्हणून हा विषय.

आम्ही नऊ जण २०२३ च्या सप्टेंबरात तिकडे जाऊन आलो. वयाने सर्वांत धाकटा चौपन्नचा, सर्वांत वडील शहात्तरच्या. हे भाषण नवांनी मिळून लिहिले आहे, वाचण्याचे काम एकाकडे आले एवढेच. तेव्हा 'आम्ही' हा शब्द मोठेपणाचा नाही, तो खरोखरीचा अनेकवचनी आहे.

तिबिलिसी ही राजधानी. तेथून उत्तरेला कॉकेशस पर्वताच्या कुशीत काझबेगी, म्हणजे हल्लीच्या नावाने स्तेपान्त्समिंडा. पूर्वेला द्राक्षांच्या मळ्यांचा काखेती प्रांत आणि त्यातील तेलावी. पश्चिमेला कुताइसी, आणि काळ्या समुद्राच्या काठी बातुमी. स्टालिनचे जन्मगाव गोरी वाटेतच लागते. देश लहान आहे, परंतु डोंगरांचा आहे. अंतर किलोमीटरात मोजून तेथे वेळेचा हिशेब लागत नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावे.

आता मार्शरुत्का म्हणजे काय ते सांगतो. हा शब्द रशियन. मूळ 'मार्शरुत्नोये ताक्सी', म्हणजे ठरलेल्या मार्गावरून धावणारी टॅक्सी. सोव्हिएत काळात लाटव्हियातील 'राफ' कारखान्याच्या लहान गाड्या या कामी असत. १९९१ नंतर ते राज्य मोडले, सरकारी बससेवा खिळखिळी झाली, आणि गावोगावच्या माणसांनी स्वतःच्या गाड्या या मार्गांवर घातल्या. आज तेथे फोर्ड ट्रान्झिट नाहीतर मर्सिडीज स्प्रिंटर या जातीची उंच छपराची गाडी दिसते. आसने साधारण अठरा-वीस. पुढच्या काचेवर पाटी, आरशाला लटकणारा क्रूस, शेजारी संतांच्या तसबिरी, आणि वाटेत चर्च दिसले की चालक स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीवर क्रूस काढतो. आपल्याकडचा ड्रायव्हर घाटातल्या देवळासमोर हात जोडतो, तसेच हे. फक्त तेथील घाटात चर्चे फार आहेत, त्यामुळे आमच्यातल्या एक काकी प्रत्येक चर्चापाशी डोळे मिटून घेत. त्या भक्तीने मिटत होत्या की भीतीने, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

पुष्कळ मार्गांवर या गाडीला तिकीटखिडकी नसते, आसनाचा क्रमांक नसतो, आगाऊ आरक्षणही नसते. काही मार्गांवर सुटण्याची वेळ ठरलेली आहे, काहींवर गाडी भरली की निघते. पैसे थेट चालकाच्या हाती, कोठे बसताना तर कोठे उतरताना. आपल्याकडे खाजगी बसचा कंडक्टर 'मडगाव, मडगाव' करून गळा मोकळा करतो. तसा दिदुबेच्या थांब्यावर 'काझबेगी, काझबेगी' हा गजर चालू असतो, आणि तो ऐकल्यावर आम्हांला परदेशात असल्यासारखे वाटेना.

दिदुबे हा तिबिलिसीच्या मेट्रोवरील एक थांबा. बाहेर पडताच बाजार, भाजीवाल्या, चपलांचे ढीग, आणि त्यांच्यामधून मार्शरुत्कांच्या रांगा. गोरी, कुताइसी, बोर्जोमी, काझबेगी यांच्या गाड्या येथून सुटतात. काखेतीकडे जायचे तर मात्र शहराच्या दुसऱ्या बाजूला, तेलावीसाठी ऑर्ताचाला आणि सिघनाघीसाठी सामगोरी. म्हणजे एका शहरात निरनिराळे थांबे, आणि चुकीच्या थांब्यावर सामान घेऊन पोहोचले की अर्धा दिवस गेला. रात्रीच मुलांना विचारून ठेवावे. मेट्रोच्या दारातच टॅक्सीवाले गाठतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, "मार्शरुत्का गेली. आता दुसरी नाही." त्यांच्याशी वाद घालू नये. नमस्कार करावा आणि वीस पावले पुढे जावे. तेथे ती उभी असते.

आणखी एक अडचण अक्षरांची. जॉर्जियन लिपीला तेहेतीस अक्षरे आहेत, सारी गोल गोल, आणि आपल्या ओळखीच्या कोणत्याही लिपीशी त्यांचे नाते नाही. काही पाट्यांवर रोमन अक्षरे असतात, काहींवर नसतात. आमच्या मुलीने एका कागदावर सहा गावांची नावे तेथील अक्षरांत मोठी मोठी काढून दिली होती, आणि खाली देवनागरीत उच्चार. तो कागद आम्हांला नकाशापेक्षा अधिक कामी आला. म्हाताऱ्या चालकांना रशियन येते, तरुणांना थोडीफार इंग्रजी. वाटेत उतरायचे असेल तर 'गामिचेरेत' म्हणावे, म्हणजे 'माझ्यासाठी थांबवा'. हा शब्द आमच्या बायकामंडळींनी असा उचलला की परत आल्यावरही रिक्षा थांबवताना एकीच्या तोंडून तोच निघाला.

मोठी बस आणि आगगाडी यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे निवड फारशी अवघड नाही. बातुमीला जायचे तर, आमच्या मते, आगगाडीच. २०१६ पासून त्या मार्गावर स्वित्झर्लंडच्या श्टाडलर कंपनीच्या दुमजली गाड्या धावतात. सुमारे पाच तासांत समुद्र. आसन क्रमांकाचे, शौचालय गाडीतच, पाय पसरता येतात. उन्हाळ्यात तिकिटे आधीच संपतात, एवढेच पाहावे. कुताइसीच्या विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी विमानांच्या वेळांशी जुळवलेल्या बसगाड्या आहेत. रात्री अपरात्री उतरले तरी बसचे आसन आधी घेऊन ठेवता येते. ज्यांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचायचेच आहे, म्हणजे विमान गाठायचे आहे, त्यांनी भरल्यावर सुटणाऱ्या गाडीवर विसंबू नये. बाकी मोठ्या बसचे जाळे तेथे मर्यादित आहे, आणि डोंगराकडे तर मार्शरुत्का किंवा टॅक्सी हेच दोन पर्याय उरतात.

आता टॅक्सी. ही एकच वस्तू नव्हे. शहरात मोबाइलवरून बोलावायची टॅक्सी निराळी. तिचे भाडे आधी दिसते, घासाघीस नाही, आणि आपल्या गोव्यात विमानतळाबाहेर उभे राहून ज्यांनी भाड्याची वाटाघाट केली आहे त्यांना तो मोठाच दिलासा वाटतो. दुसरी, थांब्यावरची सामाईक टॅक्सी, चौघे जमले की निघणारी. तिसरी, पूर्ण दिवसासाठी घेतलेली गाडी. तिच्यात भाडे ठरवताना वाटेतले थांबे बोलून घ्यायचे असतात. आणि चौथी, उंच डोंगरांतली. तुशेतीसारख्या ठिकाणी कच्च्या रस्त्याने जावे लागते, आणि तेथे जपानी बनावटीच्या मित्सुबिशी डेलिका नावाच्या चारचाकी जोराच्या मिनीव्हॅनचे राज्य आहे. त्यांतील पुष्कळ गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते. आपल्याला ते घरच्यासारखे वाटते, पण तो देश रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणारा. म्हणजे पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरून काय येत आहे हे चालकाला दिसत नाही, डावीकडे बसलेल्या उतारूला आधी दिसते. सरळ रस्त्यावर, हमरस्त्यावर अशी गाडी आम्ही घेणार नाही. जेथे दुसरे काही जातच नाही तेथे ती घ्यावी आणि चालक त्याच डोंगरातला असावा. तुशेतीचा आबानो घाट अडीच हजार मीटरच्याही पुष्कळ वर आहे आणि वर्षातले थोडेच महिने उघडा असतो. आमच्या वयाच्या मंडळींनी तो दुरूनच पाहिलेला बरा.

काझबेगीचे सविस्तर सांगायला हवे, कारण तेथेच आमची खरी परीक्षा झाली.

तिबिलिसीहून काझबेगी सुमारे १५५ किलोमीटर. रस्ता जुना, सैनिकी, उत्तरेकडे रशियात जाणारा. वाटेत अनानुरीचा किल्ला, मग पासानाउरी, मग वळणांवर वळणे घेत गुदाउरी, आणि २,३७९ मीटर उंचीचा ज्वारी घाट. चोर्ला घाट त्यापुढे घराचा उंबरठा वाटावा. या रस्त्याने रशिया आणि आर्मेनियाकडे जाणारे मालट्रक अखंड चालतात, रांगा लागतात, आणि हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भयाने घाट दिवसेंदिवस बंद ठेवतात. मार्शरुत्का तीन तासांत पोहोचवते, पण वाटेत किल्ल्यापाशी थांबत नाही. टॅक्सी थांबते. मार्शरुत्काचे भाडे अनेक वर्षे दहा लारी होते, पुढे वाढले. सामाईक टॅक्सीला माणशी त्याच्या दुपटीच्या आसपास पडले, आणि नवांसाठी पूर्ण गाडी घेतली तर माणशी त्याहूनही जास्त.

आदल्या संध्याकाळी मुलांच्या खोलीवर बसून आम्ही हा हिशेब मांडला. नवांमध्ये दोघांचे गुडघे निकामी, एकांना मधुमेह, एकींना घाटात हमखास उलटी. चौघे म्हणाले, पूर्ण गाडी घ्यावी, वाटेल तेथे थांबता येईल. तिघे गप्प राहिले. आणि आमच्यातल्या सर्वांत वडील, ज्यांनी आमच्यापैकी काहींना शाळेत शिकवले आहे आणि ज्यांना आम्ही अजूनही 'बाई'च म्हणतो, त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीने या. मी त्या छोट्या बसने पुढे होते. मला खिडकीशी बसायला आवडते."

खिडकीचा तो प्रश्न नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले. बाईंची नात तेथे तिसऱ्या वर्षाला आहे. पेन्शनीतून जमवलेल्या पैशांवर त्या आल्या होत्या, आणि आमचे कोणाचे उपकार त्या घेणार नव्हत्या. सहलीला निघालेल्या गटांत हा प्रसंग येतोच. ज्याचा खिसा जड तो सहज म्हणतो, "टॅक्सीच करू या, वेळ वाचेल." ज्याचा हलका तो एकतर ओढाताणीने हो म्हणतो, नाहीतर "माझे पाय दुखतात, मी आज खोलीवरच थांबतो" असे सांगून मागे राहतो. असे मागे राहिलेले पाय आम्ही पूर्वीच्या सहलींत पाहिले आहेत. वाहनाची निवड वरवर आरामाची वाटते, पण तिच्यात कोण आपल्याबरोबर येणार आणि कोण मागे राहणार हे ठरून जाते.

आमच्यात आपल्या न्यासाचे एक माजी खजिनदार होते. त्यांनी आपल्या कार्यालयातली गुप्तदानाची पद्धत तेथे लावली. मार्शरुत्काच्या भाड्याइतकी रक्कम प्रत्येकाने उघड द्यायची. ती सर्वांना सारखी. त्यावर जो खर्च होईल त्यासाठी प्रत्येकाने एका बंद पाकिटात इच्छेस येईल ते घालून पेटीत टाकायचे, रिकामे टाकले तरी चालेल, आणि पाकिटे खजिनदारांनी एकट्याने उघडून नुसती बेरीज सांगायची. बेरीज पुरली तर गाडी, नाही तर सगळेच मार्शरुत्का. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चालेल. पण मग तेलावीला सर्वांनी माझ्याबरोबर छोट्या बसने यायचे. तेव्हा गुडघ्यांच्या सबबी ऐकणार नाही." शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. कोणाची नाही म्हणण्याची छाती झाली नाही.

बेरीज पुरली. कोणाच्या पाकिटात काय होते ते खजिनदारांनी आजवर सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंटर जातीची गाडी आली. जाताना सर्व उत्तम झाले. अनानुरीला उतरलो, गुदाउरीच्या पुढे १९८३ साली बांधलेल्या अर्धगोल स्मारकापाशी दरीवरचे वारे खाल्ले, आणि वर २,१७० मीटरवरच्या गेर्गेतीच्या चर्चला गावातली लहान टॅक्सी करून गेलो. हा वरचा रस्ता पूर्वी अगदी कच्चा होता, आता पक्का आहे. गुडघेवाल्या दोघांनी तेथे उभे राहून काझबेक शिखर पाहिले, आणि त्यांचे चेहरे पाहून गाडीचे पैसे वसूल झाले असे सर्वांना वाटले.

परत येताना उशीर झाला. ट्रकांच्या रांगेत घाटावरच अंधार पडला आणि आमचा चालक एकाएकी घाईला आला. वळणावर ट्रक ओलांडायचा, एका हाताने मोबाइल कानाला. मुलीला फोन लावून त्याच्याशी बोलायला सांगितले, तेव्हा कळले की तो पहाटे चारला उठून दुसऱ्यांना विमानतळावर सोडून मग आमच्याकडे आला होता, आणि रात्री त्याला आणखी एक भाडे होते. पुढे बसलेल्या काकांनी 'गामिचेरेत' म्हटले. त्याने ऐकले नाही. मग मागून नवांनी मिळून म्हटले. त्याने गाडी बाजूला घेतली, रागावून. आम्ही उतरून चहा घेतला, त्यालाही दिला, पाऊण तास तेथेच बसलो, आणि पुढचे भाडे त्याला रद्द करायला लावून तेवढी भरपाई पेटीतून दिली. मग तो शहाण्यासारखा हळू आला.

तेव्हापासून पूर्ण गाडी ठरवताना भाड्याच्या आधी आम्ही दोन गोष्टी विचारतो. आजचे हे चालकाचे कितवे भाडे, आणि आमच्यानंतर त्याला कोठे जायचे आहे का. आणि घाट अंधारापूर्वी उतरायचा, मग एखादे ठिकाण राहिले तरी चालेल. मार्शरुत्कावाला निदान त्याच मार्गावर रोज जातो, वळण न वळण त्याला पाठ असते. त्याचा वेग पाहून आपला जीव वरखाली होतो हे खरे, म्हणून मार्शरुत्का घेतली तरी दिवसाचीच घ्यावी. आसनाला पट्टा असेल तर लावावा. शेजारचा जॉर्जियन माणूस लावत नाही म्हणून लाजू नये.

तेलावीची गोष्ट वेगळी. तेथे जाण्याचे कारणही आपल्या घरचे होते. काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराज येथे पहिल्या शाह अब्बासच्या आज्ञेने हाल करून मारले, कारण ती आपला धर्म सोडीना. तेथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यात आणले. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा एकटा उभा मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या परिसरात उत्खननात हाडांचा भाग मिळाला, हैदराबादच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष निघाला, आणि २०२१ च्या जुलैत आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यातील अवशेष तिबिलिसीत जॉर्जियाला भेट दिला. तिच्या अवशेषांचा दुसरा काही भाग तेलावीजवळच्या अलावेर्दीच्या प्रधान मंदिरात पुरला असे तेथे मानतात. गोव्याच्या माणसाने तिथवर जाऊन अलावेर्दी न पाहता यावे, हे आम्हांला पटेना.

तेलावीला दोन वाटा आहेत. सामाईक टॅक्सी गोंबोरीच्या डोंगरावरून जवळच्या वाटेने जाते आणि दीड-पावणेदोन तासांत पोहोचवते. मार्शरुत्का गुरजाआनीवरून सपाटीच्या लांब वाटेने जाते, अडीच-तीन तास घेते. कागदावर टॅक्सी सरस दिसते. पण गोंबोरीचा रस्ता पिळलेल्या दोरीसारखा आहे, आणि आमच्या उलटीवाल्या काकींना त्या तासाभराच्या बचतीची किंमत भारी पडली असती. शिवाय शब्द दिलेला. ऑर्ताचालाहून आम्ही मार्शरुत्का धरली.

सप्टेंबर हा तेथे द्राक्षे तोडण्याचा महिना. सपाटीच्या वाटेवर द्राक्षांनी भरलेल्या पिकअप गाड्या, रस्त्याकडेला टोपल्या, आणि गाडीत शेजारणीने आमच्या हातात न विचारता घड ठेवला. पूर्ण गाडी घेतली असती तर तो घड मिळाला नसता. एका म्हातारबुवांनी आम्ही कोठले म्हणून विचारले. 'गोवा' म्हटल्यावर ते एकदम 'केतेवान' म्हणाले आणि उठून बाईंना आपली पुढची जागा दिली. त्यांना खिडकी मिळाली. अलावेर्दी तेलावीपासून वीसेक किलोमीटर. तेथे जायला मात्र गावातून दोन टॅक्सी केल्या, परतीच्या प्रतीक्षेसह भाडे आधी बोलून, कारण तेथून परतीची गाडी सहज मिळेल असे नाही. अकराव्या शतकातले ते उंच, साधे मंदिर, मागे पर्वत. आम्ही बराच वेळ आत उभे होतो.

काही बारीकसारीक गोष्टी सुचतील तशा सांगून टाकतो. मार्शरुत्कात लवकर जाऊन बसावे आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली जागा धरावी. मागच्या चाकांपलीकडची शेवटची बाकडी प्रत्येक खड्ड्यात झोपाळ्यासारखी उडतात. ज्यांना पोटात ढवळते त्यांनी तेथे बसूच नये. मोठी पेटी नेऊ नये. सामानाला वेगळी जागा जवळजवळ नसते, पेटीने आसन अडवले तर त्या आसनाचे पैसे मागतात आणि ते वाजवीच आहे. सारे सामान तिबिलिसीत मुलांकडे ठेवून खांद्याच्या पिशवीवर जावे. उलटीच्या गोळीने वृद्धांना गुंगी येते, तेव्हा ती घरच्या डॉक्टरांना विचारूनच न्यावी. आमच्यातल्या तिघींचे आवळासुपारीवर भागले. गाडीत शौचालय नाही, थांब्यावरच्याला सुटी नाणी लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते उकिडवे बसायचे असते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा टॅक्सी घ्यावी, आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागू नये. शाकाहारी मंडळींनी वाटेत लोबियानी मागावी. राजम्यासारख्या घेवड्याचे सारण भरलेली भाकरीच ती. दुपारनंतर परतीच्या गाड्या कमी होत जातात, तेव्हा उतरता क्षणीच शेवटची गाडी कधी ते विचारून ठेवावे. एकट्या बाईमाणसाने रात्रीची सामाईक टॅक्सी घेण्यापेक्षा मुक्काम वाढवलेला बरा, असे आमच्यातल्या चौघींचे ठाम मत आहे आणि पुरुषांनी त्यावर बोलण्याचे कारण नाही.

कोणी विचारतील, मग शेवटी स्वस्त काय? चौघे असाल तर पूर्ण टॅक्सी आणि सामाईक टॅक्सी यांत फार अंतर राहत नाही. सहासात असाल तर मिनीव्हॅन बरी पडते. दोघे असाल आणि पाय धड असतील तर मार्शरुत्काच. पण आमच्या नवांपैकी दोघांनी, पैसे असूनही, परतीच्या आदल्या दिवशी गोरीला मार्शरुत्कानेच जायचे ठरवले. द्राक्षांचा घड पुन्हा मिळेल अशी त्यांना आशा होती. मिळाला नाही. शेजारी बसलेला गृहस्थ सबंध वाट झोपला होता, त्यांच्याच खांद्यावर.

येत्या मे महिन्यात आपल्या सभासदांपैकी चार कुटुंबे पदवीदानासाठी निघत आहेत. आमची हिशेबाची वही आणि तेहेतीस अक्षरांतला तो कागद कार्यालयात चिटणीसांच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. कागदाची प्रत काढून घ्यावी आणि मूळ कागद परत खणात ठेवावा, कारण त्यावर काझबेगीच्या खाली आमच्या मुलीने घाटाचे चित्र काढले आहे आणि ते बाईंना परत हवे आहे.